फास्टॅग बंद केल्यावर उरलेली शिल्लक आणि डिपॉझिट परत कसं मिळवायचं

गाडी विकताना, बँक बदलताना किंवा जुनी गाडी भंगारात देताना लोक काचेवरचा फास्टॅग खरवडून काढतात आणि विषय संपला असं धरून चालतात. टॅग निघाला तरी त्यामागचं खातं बँकेत उघडंच राहतं. त्यात रिचार्जची शिल्लक असते, टॅग घेताना भरलेलं डिपॉझिट असतं, आणि दोन्ही पैसे तुमचेच असतात. ते आपणहून परत येत नाहीत, मागावे लागतात. मागितल्यावरही अडकतात, कारण कामं उलट्या क्रमानं होतात: आधी जुना मोबाइल नंबर बंद होतो, मग टॅग फाडला जातो, मग अ‍ॅप काढून टाकलं जातं आणि सगळ्यात शेवटी बँकेला फोन जातो. तोवर खातं आपलंच आहे हे दाखवायला हातात काही उरलेलं नसतं.

खालचा क्रम जवळपास सगळ्या बँकांच्या टॅगना लागू पडतो. अ‍ॅपमधल्या पर्यायांची नावं बँकेगणिक वेगळी असतील. क्रम मात्र बदलू नका.

## १. आधी ठरवा, बंद करायचाच आहे का

काच फुटली, टॅग फाटला किंवा नाक्यावर वाचला जात नाही, एवढंच कारण असेल तर खातं बंद करायची गरज नाही. त्याच बँकेकडून बदली टॅग मागा. शिल्लक आणि डिपॉझिट त्याच खात्यात राहतं, फक्त नव्या टॅगचं शुल्क भरावं लागतं. अशा वेळी खातं बंद करून नवं उघडलं तर परतावा येईपर्यंत जुने पैसे अडकतात आणि नव्यासाठी पुन्हा डिपॉझिट भरावं लागतं.

टॅग ब्लॅकलिस्ट झालाय म्हणूनही घाईनं बंद करू नका. ब्लॅकलिस्टचं कारण बहुतेकदा अपुरी शिल्लक किंवा अर्धवट केवायसी (ओळखीच्या कागदांची पडताळणी) असतं, आणि ते दूर केलं की टॅग पुन्हा चालू होतो. ब्लॅकलिस्ट झालेल्या टॅगची शिल्लकही कुठे जात नाही, खात्यातच असते.

बंद करायलाच हवा अशी कारणं मोजकी आहेत: गाडी विकली, भंगारात दिली, चोरीला गेली, बँक बदलायची आहे, किंवा टॅग देणाऱ्या बँकेची सेवाच आटोपली. शेवटच्या प्रकाराचं मोठं उदाहरण पेटीएम पेमेंट्स बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेच्या टॅगमध्ये नवे पैसे भरता येईनासे झाले, पण आत असलेली शिल्लक वापरायची किंवा परत मागायची मुभा राहिली. अनेकांनी दुसऱ्या बँकेचा टॅग लावला आणि जुन्यातल्या पैशांचा विचारच केला नाही.

सावध: टॅगवर वार्षिक पास चालू असेल तर थांबा. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला हा पास (२०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी पूर्ण होईल ते) दुसऱ्या गाडीला देता येत नाही आणि उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत. गाडी तीच ठेवून फक्त बँक बदलायची असेल तर महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या हेल्पलाइनवर विचारल्याशिवाय टॅगला हात लावू नका. शक्य असेल तर पास संपल्यावरच बँक बदला.

## २. टॅग कोणत्या बँकेचा आहे ते पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. तुम्ही रिचार्ज गुगल पे किंवा फोनपेवरून करत असाल, टॅग एखाद्या खरेदीच्या अ‍ॅपवरून मागवला असेल किंवा शोरूमवाल्यानं गाडीबरोबरच लावून दिला असेल. या सगळ्यांत टॅग देणारी बँक वेगळीच असू शकते. पैसे तिच्याकडे असतात आणि परतही तीच देणार. रिचार्जच्या अ‍ॅपकडे तक्रार केली तर ते 'व्यवहार यशस्वी झाला आहे' एवढंच सांगतील, आणि ते खरंही असेल.

बँक ओळखायचे तीन मार्ग आहेत. टॅगवर बँकेचं नाव किंवा बोधचिन्ह छापलेलं असतं. टोल कापल्याचे एसएमएस कोणाच्या नावानं येतात ते पाहा. आणि एनपीसीआय, म्हणजे फास्टॅगची देशभरची यंत्रणा चालवणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर फास्टॅगची स्थिती तपासायची सोय आहे. तिथे गाडीचा नंबर घातला की टॅग आयडी, टॅग देणारी बँक आणि टॅग चालू आहे की बंद, हे दिसतं. या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

गाडीचा नंबर टाकल्यावर काहीच सापडत नसेल आणि टॅग शोरूममधून आला असेल, तर चासी नंबर टाकून पाहा. नवी गाडी घेताना आरटीओचा नंबर आलेला नसतो, म्हणून टॅग चासी नंबरावर दिला जातो. नंतर गाडीचा नंबर नोंदवून घेणं मालकाचं काम, आणि तेच राहून गेलेलं असतं. असं असेल तर आधी आरसी देऊन नंबर नोंदवून घ्या, बंद करायचा अर्ज त्यानंतर.

तपासा: खात्यावर नोंदलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना? शोरूमच्या टॅगवर कधीकधी विक्रेत्याचा नंबर पडलेला असतो. जुन्या टॅगवर वडिलांचा, ड्रायव्हरचा किंवा केव्हाच बंद झालेला नंबर असतो. परताव्याच्या प्रत्येक पायरीला ओटीपी याच नंबरावर येणार, तेव्हा आधी तो बदलून घ्या. त्यासाठी ओळखपत्र आणि आरसी घेऊन शाखेत किंवा बँकेच्या टॅग विभागाकडे अर्ज द्यावा लागतो. हे काम बंद करण्याच्या अर्जात मिसळू नका. नंबर बदलल्याचा एसएमएस आला की मगच पुढचं पाऊल टाका.

## ३. किती पैसे परत यायला हवेत, हे स्वतः काढा

हिशेब न करता अर्ज केला की बँक जेवढे देईल तेवढे बरोबर मानावे लागतात. टॅग घेताना भरलेल्या रकमेचे तीन भाग असतात.

पहिला भाग टॅगचं शुल्क. ते जास्तीत जास्त १०० रुपये असतं आणि कधीच परत मिळत नाही. त्यासाठी भांडू नका.

दुसरा भाग सुरक्षा डिपॉझिट. कारसाठी ते बहुतेक बँकांत २०० रुपयांच्या आसपास असतं, ट्रक-बससारख्या मोठ्या वाहनांना जास्त. खातं बंद करताना हे परत मिळायला हवं. लोक शिल्लक मागतात आणि डिपॉझिट मागायचं विसरतात, कारण अ‍ॅपमध्ये शिल्लक मोठ्या अक्षरांत दिसते आणि डिपॉझिट कुठल्यातरी आतल्या पानावर असतं.

तिसरा भाग वापरायची शिल्लक, म्हणजे रिचार्ज वजा टोल.

डिपॉझिट कमी आलं, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्यामागचं कारण समजून घ्या. शिल्लक कमी असतानाही टॅग वाचला जाऊन गाडी नाक्यातून पुढे गेली, तर खातं उण्यात जातं आणि बँक ती तूट डिपॉझिटमधून भरून घेते. पुढच्या रिचार्जमधून डिपॉझिट आधी पूर्ण केलं जातं आणि उरलेले पैसे शिल्लक म्हणून दिसतात. त्यामुळे शेवटचा टोल उण्यात गेला आणि त्यानंतर तुम्ही रिचार्ज केलंच नसेल, तर डिपॉझिट खरोखरच कमी झालेलं असतं.

समजा, पुण्याहून कोल्हापूरला गेलात आणि परत आलात. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, पुन्हा उलट्या क्रमानं तेच चार नाके. म्हणजे आठ कपाती दिसायला हव्यात. स्टेटमेंटमध्ये सातच दिसत असतील तर एक कपात अजून यायची आहे किंवा तो नाका चुकून सुटला आहे. नऊ दिसत असतील तर एक दुबार आहे. असं प्रत्येक अलीकडच्या प्रवासाचं करा. मग कागदावर तीन ओळी लिहा: आजची शिल्लक, डिपॉझिट, यायच्या राहिलेल्या कपाती. पहिल्या दोन्हींची बेरीज करून तिसरी वजा केली की परत यायची रक्कम मिळते.

दुबार कपात, गाडी घरी उभी असताना कापलेला टोल, कारला लागलेला मोठ्या वाहनाचा दर, असं काही आढळलं तर त्याची तक्रार खातं चालू असतानाच करा. बंद खात्यातल्या व्यवहारावर तक्रार नोंदवणं फार अवघड जातं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये बंद झाल्यावर लॉगिनच होत नाही.

काही बँकांत टॅग थेट बचत खात्याला जोडलेला असतो. तिथे वेगळी शिल्लक नसते आणि परत यायचं असतं ते फक्त डिपॉझिट. आपला प्रकार कोणता, हे स्टेटमेंटवरून कळेल: टोल बचत खात्यातून कापला जातोय की टॅगच्या वॉलेटमधून, ते पाहा.

## ४. कागद जमवा, स्टेटमेंट उतरवा

अर्ज करण्याआधी एका फोल्डरमध्ये एवढं हवं:

- टॅग सुरू झाल्यापासूनचं, नाहीतर निदान गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट, पीडीएफमध्ये
- टॅग घेतल्याची पावती किंवा पहिला एसएमएस, ज्यात शुल्क आणि डिपॉझिट वेगळं दिसतं
- काचेवर लावलेल्या टॅगचा फोटो, बारकोड आणि त्याखालचा आकडा वाचता येईल असा
- आरसी आणि खातेदाराचं ओळखपत्र
- ज्या खात्यात पैसे हवेत त्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान
- गाडी विकली असेल तर विक्रीचा पुरावा: आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० ची (मालकी बदलाच्या अर्जांची) प्रत किंवा ताबा दिल्याची सही-तारखेची चिठ्ठी
- चोरी असेल तर एफआयआर, भंगारात दिली असेल तर भंगार केंद्राचं प्रमाणपत्र

बँक खातं टॅगच्या खातेदाराच्याच नावाचं हवं. बायकोच्या नावावरच्या टॅगचे पैसे नवऱ्याच्या खात्यात मागितले की अर्ज परत येतो. आडनाव-नावाचा क्रम, आद्याक्षरं, लग्नानंतर बदललेलं नाव, यातला फरकही अडवतो. फरक असेल तर आधी टॅगच्या खात्यावरचं नाव केवायसी करून दुरुस्त करा.

केवायसीचा प्रश्न इथेच निकालात काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, किमान तपशिलावर उघडलेलं प्रीपेड खातं बंद केलं तर उरलेले पैसे जिथून भरले होते त्याच ठिकाणी परत जातात. बँक खात्यात हवे असतील तर केवायसी पूर्ण करावी लागते. आता विचार करा, तुमच्या टॅगचं रिचार्ज कोणाकोणाच्या यूपीआयवरून झालंय? मुलानं केलंय, ड्रायव्हरनं केलंय, एखाद्या बंद केलेल्या क्रेडिट कार्डानंही केलं असेल. पैसे त्या दिशेला गेले तर शोधत बसावं लागेल. केवायसी पूर्ण करून स्वतःचा खाते क्रमांक देणं हाच सरळ रस्ता.

## ५. खात्याची आवक-जावक थांबवा

स्वयंचलित रिचार्ज रद्द करा. शिल्लक ठराविक रकमेच्या खाली आली की आपोआप रिचार्ज होईल, अशी सूचना दिलेली असेल तर ती अजून जिवंत आहे. इतर ऑटोपेमध्ये पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. फास्टॅगच्या स्वयंचलित रिचार्जला मात्र रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२४ मध्ये या पूर्वसूचनेतून सूट दिली आहे, त्यामुळे पैसे कापल्यावरच कळेल. ही सूचना टॅगच्या अ‍ॅपमध्ये असू शकते, यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे यादीत असू शकते, नाहीतर कार्डाच्या स्थायी सूचनांत. तिन्ही ठिकाणी पाहा.

शेवटच्या प्रवासानंतर थोडं थांबा. नाक्यावरचं यंत्र टॅग वाचतं, नाक्याची बँक तो व्यवहार तुमच्या बँकेकडे पाठवते आणि मग कपात होते. बहुतेक वेळा हे काही मिनिटांत होतं, पण जोडणी तुटलेली असली की उशीर होतो. काही मॉल आणि विमानतळांच्या पार्किंगचे पैसेही टॅगमधूनच जातात, तेही मोजा. शेवटच्या प्रवासानंतर दोन-तीन दिवस सोडून अर्ज केला तर हिशेबाच्या आकड्यात खोट निघत नाही.

गाडी विकली असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. नवा मालक तुमच्या टॅगवर नाके ओलांडत राहील आणि ते पैसे परत मिळवायला तुमच्याकडे कुठलाही नियम नसेल. अ‍ॅपमधून किंवा कस्टमर केअरला सांगून टॅग ताबडतोब ब्लॉक करा. बंद करण्याचा अर्ज त्यानंतर सावकाश करा. गाडी ताब्यात देण्याआधी टॅग स्वतःच्या हातानं काढून घेणं सगळ्यात चांगलं. तो काचेवरून निघताना फाटतो आणि पुन्हा वापरता येत नाही, म्हणून फोटो आधी काढा.

शिल्लक संपवून टाकावी का? गाडी अजून वापरात असेल आणि शिल्लक थोडी असेल तर टोल भरूनच ती खाली आणा. शंभर-दीडशे रुपयांचा परतावा मागण्यापेक्षा तेवढा प्रवास होऊन जातो. पण ती शून्याच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर तूट डिपॉझिटमधून कापली जाईल.

## ६. बंद करण्याचा अर्ज, लेखी आणि आकड्यांसकट

अ‍ॅप किंवा पोर्टलमध्ये 'टॅग बंद करा' असा पर्याय असेल तर तोच वापरा, कारण तिथे क्रमांकासह नोंद होते. कारण विचारलं की खरं कारण निवडा. 'टॅग खराब' असं निवडलं तर बँक बदली टॅग पाठवते आणि खातं चालूच राहतं.

पर्याय नसेल तर कस्टमर केअरला फोन करा, पण फोनवर थांबू नका. फोनवर बरेचदा फक्त टॅग ब्लॉक होतो. तुम्हाला वाटतं बंद झाला, बँकेच्या नोंदीत मात्र तो नुसता थांबवलेला असतो आणि परताव्याची विनंती कुठेच नसते. फोनवर तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी नोंदवलेल्या ई-मेलवरून असा मजकूर पाठवा:

*विषय: फास्टॅग खातं कायमचं बंद करणे व शिल्लक आणि डिपॉझिटचा परतावा*

*माझ्या नावावरील फास्टॅग (गाडी क्रमांक …, टॅग आयडी …, नोंदणीकृत मोबाइल …) कायमचा बंद करावा. कारण: गाडीची विक्री, दिनांक ….*

*आजच्या स्टेटमेंटनुसार वापरायची शिल्लक … रुपये आणि सुरक्षा डिपॉझिट … रुपये, एकूण … रुपये परत येणं आहे. ही रक्कम माझ्याच नावावरील पुढील खात्यात जमा करावी: खाते क्रमांक …, आयएफएससी ….*

*टॅग बंद झाल्याची तारीख, परताव्याची रक्कम आणि जमा होण्याची मुदत लेखी कळवावी. कपात केल्यास तिचा तपशील द्यावा. फोनवरील विनंतीचा क्रमांक: ….*

*सोबत: आरसी, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, विक्रीचा पुरावा, टॅगचा फोटो, स्टेटमेंट.*

शिल्लक आणि डिपॉझिट हे दोन आकडे वेगवेगळे लिहायलाच हवेत. एकच बेरीज लिहिली तर फक्त शिल्लक पाठवून प्रकरण मिटवलं जातं, आणि डिपॉझिटसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एका खात्यावर अनेक गाड्या असतील तर: ट्रॅव्हल्सवाले, टेम्पो असलेले दुकानदार, घरात दोन-तीन गाड्या असलेली कुटुंबं यांनी इथे लक्ष द्यावं. एकच वॉलेट आणि त्यावर अनेक टॅग, अशी रचना असेल तर एक टॅग बंद केल्यावर त्याचं डिपॉझिट बहुतेकदा त्याच वॉलेटमध्ये जमा होतं, बँक खात्यात येत नाही. ते पैसे उरलेल्या गाड्यांच्या टोलला वापरता येतात, तेव्हा घाबरू नका. फक्त स्टेटमेंटमध्ये तशी नोंद दिसते का ते पाहा. चुकून 'संपूर्ण खातं बंद' असा पर्याय निवडलात तर बाकीच्या गाड्या नाक्यावर अडतील.

खातेदार हयात नसेल तर: त्यांचा मोबाइल नंबर चालू आहे म्हणून अ‍ॅपमधून परस्पर बंद करू नका. पैसे त्यांच्याच नावाच्या खात्यात जातील आणि ते खातं गोठवलेलं असेल तर तिथेच अडकतील. मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि आरसी घेऊन टॅग देणाऱ्या बँकेकडे दावा द्या, वारसाच्या खात्याचा तपशीलही त्यातच लिहा.

सावध: बँकेचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. 'फास्टॅग परतावा' या नावाखाली खोट्या कस्टमर केअरचे नंबर टाकलेले असतात. नंबर बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा टॅगवरून घ्या. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि स्क्रीन दाखवणारं अ‍ॅपही लागत नाही. यातलं काही कोणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

## ७. टॅग काढणं आणि नवा लावणं

बंद झाल्याचा एसएमएस किंवा ई-मेल आला, की काचेवरचा टॅग काढा आणि बारकोड कापून टाका. विकलेल्या गाडीचं वेगळं, ते वर आलंच आहे.

गाडी तुमच्याकडेच असेल आणि नुसती बँक बदलायची असेल तर क्रम जपून लावा. 'एक वाहन, एक फास्टॅग' या नियमामुळे एका गाडीवर एकच टॅग चालू राहू शकतो. नवा टॅग सुरू झाला की जुना निष्क्रिय होतो. इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे: टॅग निष्क्रिय झाला म्हणजे पैसे परत आले, असं मुळीच नाही. खातं बंद करायचा अर्ज तरीही वेगळा द्यावाच लागतो.

आधी जुना बंद करा असं नवी बँक सांगत असेल, तर ज्या आठवड्यात महामार्गावर जायचं नाही असा आठवडा निवडा. चालू टॅगशिवाय राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर गेलात तर १५ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानं यूपीआयनं भरला तरी सव्वापट टोल पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि एमएसआरडीसीच्या (राज्य रस्ते विकास महामंडळाच्या) इतर नाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. दोनशे रुपयांचं डिपॉझिट सोडवताना तेवढाच दंड भरायची वेळ येऊ नये.

## ८. पाठपुरावा

अर्जानंतर दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासा, कारण एक झाली म्हणजे दुसरी झाली असं होत नाही.

टॅग बंद झाला का? एनपीसीआयच्या त्याच पानावर पुन्हा गाडीचा नंबर घाला. जुन्या टॅगपुढे चालू अशी स्थिती दिसत असेल तर अर्ज पोचलाच नाही असं समजा. आधीचा स्क्रीनशॉट आणि हा, शेजारी ठेवून पाहा.

पैसे आले का? परताव्याची मुदत बँकेनुसार काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असते. उशिरा येणाऱ्या कपाती निघून जाव्यात म्हणून बँका काही काळ पैसे राखून ठेवतात, तेवढं थांबणं रास्त आहे. त्यांनी दिलेली तारीख लिहून ठेवा आणि ती उलटली की दुसऱ्याच दिवशी, त्याच ई-मेलच्या साखळीत, उत्तर म्हणून आठवण पाठवा. दरवेळी नवी तक्रार नोंदवली तर दरवेळी मुदत नव्यानं मोजली जाते.

परतावा दोन हप्त्यांत येऊ शकतो, शिल्लक आधी आणि डिपॉझिट नंतर. पासबुकात पाहताना टॅगचं नाव शोधू नका, रक्कम शोधा. नोंदीत बँकेच्या एखाद्या अंतर्गत खात्याचं नाव असतं.

तपासा: आलेली रक्कम तिसऱ्या टप्प्यातल्या आकड्याशी जुळते का? जुळत नसेल तर फरकाच्या रकमेचा तपशील मागा. 'शुल्क' एवढं मोघम उत्तर मान्य करू नका. कोणतं शुल्क आणि दरपत्रकात कुठे आहे, ते विचारा.

जुना मोबाइल नंबर आणि जुनं अ‍ॅप पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत जिवंत ठेवा. परदेशी जाताना गाडी विकणाऱ्यांचे पैसे हमखास इथे अडकतात: विमानात बसण्याआधी सिम बंद होतं आणि परताव्याच्या खात्याचा ओटीपी त्याच सिमवर येणार असतो. बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्यायचं असेल तर आयएफएससी आणि खाते क्रमांक तोच राहणार का, हेही शाखेत आधी विचारून घ्या.

## ९. बँक दाद देत नसेल तर

टोलच्या कपातीबद्दल वाद असेल तर महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही हेल्पलाइन आहे. पण खात्यातले पैसे बँकेकडे आहेत, म्हणून परताव्याची दाद बँकेच्याच दारातून सुरू करावी लागते. आधी कस्टमर केअर, मग बँकेच्या संकेतस्थळावर दिलेला तक्रार निवारण किंवा नोडल अधिकारी. त्याला पाठवलेल्या मेलमध्ये आधीचे सगळे तक्रार क्रमांक तारखांसह द्या.

लेखी तक्रार करून ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत जाता येतं. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करायची असते, तिला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पोर्टल जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंडीगडच्या तक्रार केंद्राकडे टपालानं तक्रार पाठवता येते, आणि ती मराठीत लिहिली तरी चालते.

३० दिवसांची मोजणी बँकेकडच्या लेखी तक्रारीपासून होते. नुसते फोन केले असतील तर तक्रार तिथेच परत जाते, म्हणून सहाव्या टप्प्यातला मेल महत्त्वाचा. बँकेनं अंतिम उत्तर दिल्यावर महिनोन्महिने वाटही पाहू नका, लोकपालाकडे जायलाही मुदत असते.

लोकपालाकडच्या अर्जात गोष्ट लांबवू नका. टॅग आयडी, बंद करण्याच्या विनंतीची तारीख, देणं असलेली रक्कम (शिल्लक आणि डिपॉझिट वेगळं), बँकेला केलेल्या लेखी तक्रारीची तारीख आणि तिचं उत्तर, एवढं पुरतं. सोबत स्टेटमेंट, मेलची पूर्ण साखळी आणि एनपीसीआयच्या पानाचे दोन स्क्रीनशॉट जोडा. काय हवं आहे या रकान्यात 'न्याय मिळावा' असं लिहू नका. अमुक रुपये अमुक खात्यात जमा करावेत, असं लिहा.